हरणीचा कल

कुत्रीला विचारल्याशिवाय तिला नर दाखवायचा नाही, असा कायदा आला तेव्हा हणमंतराव सावंत पोट धरून हसले होते. "म्हंजे आता कुत्रीपुढं पाट मांडायचा आणि इचारायचं, काय गं, नवरा पसंत हाय का?" असं ते जतच्या बाजारात चारचौघांत म्हणाले आणि चारचौघंही हसले. पुढं ते हसणं जिरलं. संमतीचा दाखला नसलेलं पिल्लू कुठं नोंदवता येईना, नोंद नसलेलं कुत्रं प्रदर्शनात कुणी उभं करून घेईना आणि चोरून पिल्लं विकणाऱ्या दोघातिघांची कुत्री सरकारनं सरळ उचलून नेली. मग हणमंतरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि जनावरांच्या डॉक्टरणीला फोन लावला.

फोन लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सावंतांची कारवानी जातीची शिकारी कुत्री म्हणजे उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेली, आणि धावायला लागली की ससा हरावा अशी. तीन तालुक्यांत त्यांचं नाव होतं. पण दोन वर्षांपूर्वी कसलीशी साथ आली आणि दावणीला बांधलेली पाच कुत्री एकामागून एक गेली. उरली एकटी हरणी. तिला पिल्लं झाली तर वंश राहणार, नाहीतर सगळं तिच्याबरोबरच संपणार. हणमंतरावांनी तर पिल्लांचे शब्दही देऊन टाकले होते. एक साडूला, एक तालमीच्या वस्तादाला, एक व्याह्यांना. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला प्रकार.

आणि हरणी नाही म्हणाली.

म्हणजे तिच्या गळ्यातल्या मनपट्ट्यानं तसं सांगितलं. डॉक्टर निलोफर मुजावर घराच्या पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या. पट्ट्याचे आकडे उमटलेली हातातली पाटी त्यांनी हणमंतरावांपुढं धरली. "कल नकाराकडं आहे, काका. स्पष्ट आहे."

"भुंकली न्हाई, चावली न्हाई. मग न्हाई कवा म्हणाली?"

"तोंडानं नाही म्हणाली. अंगानं म्हणाली. आता पुढच्या माजाला परत एकदा विचारायचं. तेव्हाही नाही आलं तर मग कायमचं नाही. परत विचारायचं नाही, असा नियम आहे."

हणमंतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. आतल्या दाराशी त्यांची सून शिवांजली उभी होती. तिनं मान खाली घातली, कारण तिला हसू येत होतं आणि ते कुणाला दिसून चालणार नव्हतं. तिला आधीपासून ठाऊक होतं की हरणीला हे नको आहे. अजून एकदा 'नाही' आलं की सुटली पोरगी.

मनपट्टा काही जादूचा नव्हता. डॉक्टर मुजावर ते समजावून सांगायच्या तेव्हा गुराखीसुद्धा समजून जायचा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात. त्या कातडीखालच्या पाण्यात ताणाचा रस किती उतरला ते मोजतात. काळजाचे ठोके मोजतात, श्वास मोजतात, कुत्री पुढं सरकली की मागं तेही टिपतात. मग तिला एकेक वास द्यायचा. नराचा, दुसऱ्या कुत्रीच्या पान्ह्याचा, नुकत्या जन्मलेल्या पिल्लांच्या चिंधीचा. प्रत्येक वासाला तिचं अंग काय करतं ते पट्टा बघतो. मोकळ्या रानात आपल्या मर्जीनं नर निवडणाऱ्या हजारो कुत्र्यांची अंगं आधी मोजून ठेवलेली आहेत. त्यांच्याशी ताडून बघायचं.

"ह्यात मन वाचता येत नाही," डॉक्टर म्हणायच्या, "कल वाचता येतो. पाणी कुठल्या अंगाला उतरतंय, एवढंच."

शिवांजलीचं बीएस्सी झालेलं होतं. तिला हे सगळं पटलं. आणि उत्तरही तिच्या मनासारखं आलं होतं, त्यामुळं जरा जास्तच पटलं.

हरणी तिची होती. सावंतांच्या घरात कुत्रं एकहाती वाढवायची रीत होती. पिल्लाला पहिला घास ज्या हातानं दिला, त्याच हातानं ते जन्मभर खाणार. दुसऱ्यानं तूप लावून भाकरी पुढं केली तरी तोंड फिरवणार. चोरानं विष घालू नये, कुणी फूस लावून नेऊ नये, म्हणून पूर्वजांनी काढलेली युक्ती. चार वर्षांपूर्वी हरणीला पहिला घास द्यायला हणमंतरावांनी सुनेला बसवलं. त्याच महिन्यात शिवांजलीचं पहिलं पोर पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. "हात रिकामा नको पोरीचा," असं सासू, विजयमाला, म्हणाली होती. सासू वाईट नव्हती. ह्या घरात वाईट कुणीच नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

दुसऱ्या खेपेला पाचवा महिना होता. रक्त थांबेना, तेव्हा सांगलीच्या दवाखान्यात दोन दिवस ती वाचते की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं. आता मिरजेच्या दवाखान्यात नवीन उपचार निघाले होते. बाहेर गर्भ तयार करायचा, नीट तपासायचा, मग ठेवायचा. "आता कशाचं भ्या न्हाई," असं सगळे म्हणत होते. नवरा विश्वजीत म्हणायचा, "तुझी इच्छा असेल तरच हं." आणि ती काही बोलायच्या आत त्याचा चेहरा असा व्हायचा की ती म्हणायची, "बघू." ह्या 'बघू'चं त्या घरात 'हो' कधी झालं ते तिलाही कळलं नाही.

पुढच्या माजाला डॉक्टर मुजावर आल्या त्या एक जास्तीचा पट्टा घेऊनच. हा मनगटाचा होता. त्यांनी तो शिवांजलीपुढं धरला.

"हा मला कशाला?"

"मागच्या वेळी मला जरा चमत्कारिक वाटलं. पिल्लांच्या चिंधीपाशी हरणी स्वतःहून गेली, शेपूटही हलली. तरी पट्टा म्हणतो नाही. असं सहसा होत नाही." डॉक्टरांनी पट्टा तिच्या हातात घातला. "कुत्र्याला माणसाच्या घामातनं, श्वासातनं ताण कळतो, हे जुनंच आहे. वर्षानुवर्षं एकत्र राहिलं की कुत्र्याच्या अंगातला ताण मालकाच्या ताणाबरोबर चढतो-उतरतो. तुमच्याकडं तर एकहाती वाढवतात. तिच्यातनं तुमचं वजा करायचं, मग उरेल ते तिचं."

शिवांजलीनं मान हलवली. मनगट जरा थंड पडलं, एवढंच.

पंधरा दिवस दोघींनी पट्टे वागवले. वासाच्या चिंध्या आल्या, गेल्या. एका दुपारी शिवांजली परसात डाळिंबं निवडत बसली होती आणि हरणी पलीकडं उन्हात पसरली होती. आत्या, म्हणजे सासूबाई, शेजारी येऊन बसल्या.

"मिरजेच्या डॉक्टरांचा फोन आला हुता. पुढच्या महिन्यात या म्हणत्यात."

"बरं," शिवांजली म्हणाली.

"देवाचं नाव घ्यायचं आणि जायाचं. आता तुला कायसुदिक व्हत न्हाई, बघ."

"बरं, आत्या."

हरणी उठली. जीभ बाहेर काढून धापा टाकत आली आणि तिनं आपलं लांबोडं तोंड शिवांजलीच्या मांडीत खुपसलं.

"उन्हाचं व्हतंय तिला," आत्या म्हणाल्या, आणि पाण्याचं भांडं आणायला उठल्या.

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी सोप्यातल्या टीव्हीवर दोन रेघा दाखवल्या. घरचे सगळे जमले होते. हणमंतराव पलंगावर, आत्या उंबऱ्यात, विश्वजीत फवारणीच्या ड्रोनचं काम अर्धवट टाकून आलेला, हाताला तेल तसंच. निळी रेघ हरणीची होती आणि केशरी शिवांजलीची.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येक वेळी आधी केशरी चढते, मागोमाग निळी. आधी ताई, मग हरणी. आणि हे बघा. ह्या दिवशी ताई पट्टा काढून आंघोळीला गेल्या होत्या. केशरी इथं नाही. नराचा वास दिला, निळी शांत. हरणी पुढं गेली." त्यांनी पाटी खाली ठेवली. "मागच्या वेळचं 'नाही' हरणीचं नव्हतं, काका. ह्या वेळीही 'नाही'च आलंय, पण ते धरायचं नाही, कारण मिसळ फार आहे. ती मिसळ काढून परत विचारायला पाहिजे."

"म्हंजे हिच्यामुळं?" हणमंतरावांनी सुनेकडं बोट केलं नाही, पण मान वळवली.

"ताईंचा दोष नाही. अंगातलं आहे ते."

"मग कुत्रीलाच बाजूला करू," आत्या म्हणाल्या. "आपल्या पद्माकडं, लेकीकडं नेऊन ठेवू. सांगोल्याला."

"चालेल. पुढचा माज यायच्या आधी दोन महिने तरी ठेवा."

झालं. कुत्री कधी न्यायची, गाडीत काय घालायचं, नर कुणाचा बघायचा ह्याची बोलणी सुरू झाली. टीव्ही कुणी बंद केला नाही. केशरी रेघ तिथंच होती, भिंतभर आडवी, सगळ्यांना दिसेल अशी, आणि ती का चढते हे एकानंही विचारलं नाही. शिवांजलीला वाटलं, भरल्या सोप्यात आपलं पोट कुणी उघडं करून ठेवलं आहे आणि लोक शेजारच्या कुत्रीबद्दल बोलताहेत. तिनं विश्वजीतकडं बघितलं. त्यानं रेघेकडं बघितलं, मग हातावरच्या तेलाकडं.

डॉक्टरांना सोडायला ती फाटकापर्यंत गेली. गाडीचं दार उघडून डॉक्टर थांबल्या.

"ताई, तुमची रेघ माझ्या कामात बसत नाही. पण ती कधी चढते ते मला दिसतं. नराच्या वासाला फारशी चढत नाही. घरातली माणसं जवळ आली की चढते. परवा दुपारी तर एवढी चढली की मला पट्टा बिघडला वाटलं."

शिवांजलीला परसातली डाळिंबं आठवली. "कुत्रीला इचारायचा कायदा झाला," ती म्हणाली. "माणसाला इचारायचा कधी व्हायचा?"

"माणसाला तोंड आहे, म्हणून नसेल केला." एवढं बोलून डॉक्टर स्वतःच ओशाळल्या आणि गाडीत बसल्या.

पुढच्या महिन्यात मिरजेला जायचं होतं, ते शिवांजलीला ताप आला म्हणून टळलं. मग द्राक्षाच्या छाटणीनं टळलं, मग आत्याच्या गुडघ्यानं. टळलं म्हणजे सुटलं नव्हतं, हे तिला कळत होतं. होता होता हरणीला सांगोल्याला न्यायचा दिवस आला आणि नणंद पद्मजा स्वतः न्यायला आली.

पण कुत्री एकहाती. पद्मजानं भाकरी पुढं केली, हरणीनं मान फिरवली. दूध ठेवलं, हुंगलंही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. बरगड्या आधीच मोजता येत होत्या, आता लांबूनही येऊ लागल्या. हणमंतराव हात टेकून बसले. "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," ते म्हणाले. "आमच्याच बापजाद्यांची रीत आमच्याच गळ्यात आली."

तिसऱ्या दिवशी सकाळी पद्मजा म्हणाली, "अंजू, आता तूच कायतरी कर बाई. न्हाईतर ऱ्हाऊ दे हितंच."

राहू दे इथंच. हरणी राहिली की परत केशरी रेघ निळीवर चढणार. डॉक्टर किती वेळा मिसळ म्हणून सोडून देतील? केव्हातरी 'नाही' धरावंच लागेल, आणि मग कायमचं नाही. शिवांजलीला काही करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात ती ह्या घरात तयार झाली होती.

ती हरणीजवळ जाऊन उकिडवी बसली. हरणीनं तिचा हात चाटला आणि तिच्याकडं बघितलं. शिवांजलीला तेव्हा जे कळलं ते तिला मुळीच आवडलं नाही. हरणीला काय हवं ते तिनं कधी बघितलंच नव्हतं. तिनं आपलं भय तिच्या अंगात भरलं होतं आणि तेच तिचं उत्तर म्हणून मिरवत होती. हे घर आपल्या वतीनं 'हो' म्हणतं, आणि आपण हरणीच्या वतीनं 'नाही' म्हणतो. फरक काय तो? तिला स्वतःचीच लाज वाटली.

"वन्सं, हात द्या," ती म्हणाली.

तिनं पद्मजाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि तो हात खालून आपल्या हातानं धरला. हरणी जवळ आली, हुंगली, थबकली. हसून, गोड बोलून भागणार नव्हतं. तोंड खोटं बोललं तरी घाम खोटं बोलत नाही, आणि हरणी घामच वाचायची. शिवांजलीला खरंच सोडायला हवं होतं. तिनं डोळे मिटले. जा बाई, तिनं मनात म्हटलं. तुला पाहिजे तर जा, नको तर ये. मला नको म्हणून तुलाही नको, असं नाही. किती वेळ गेला कोण जाणे. छातीतली धडधड उतरत उतरत गेली आणि मग पद्मजा हळूच म्हणाली, "खाल्ली."

गाडी गेल्यावर ती परसात जाऊन हुंदके देऊन रडली. सासूनं पाठीवर हात ठेवला. "कुत्र्यावर एवढा जीव लावू नगं," आत्या म्हणाल्या. "लेकरू झालं की इसरशील."

दोन महिन्यांनी सांगोल्याहून डॉक्टर मुजावरांचा फोन आला. कल होकाराकडं होता, आणि एकाही वासाला ती मागं सरली नव्हती. हरणीसमोर तीन नर आणले होते. त्यातल्या दोघांवर तिनं दात काढले आणि तिसऱ्यापुढं, मंगळवेढ्याच्या एका काळ्या कुत्र्यापुढं, पुढचे पाय पसरून खेळायला लागली. हणमंतरावांनी गावात पेढे वाटले. "पोरीनं नवरा सोता निवडला," असं ते आता चारचौघांत सांगायला लागले, आणि सांगताना त्यांची छाती फुगत होती.

शिवांजलीला आनंद झाला. तिला वाटलं होतं वाईट वाटेल. पण खरंच आनंद झाला, आणि आनंदाच्या मागोमाग एक विचार आला. तो आला तो गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे चहाला बसले असताना आत्या म्हणाल्या, "चला, कुत्रीचं मार्गी लागलं. आता सोमवारी मिरज. आता काय आडवं येऊ द्यायचं न्हाई."

शिवांजलीनं कप खाली ठेवला.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "हरणीला माझ्यापासनं लांब नेलं, तवा तिचं खरं कळलं."

"व्हय की."

"मलाबी लांब जाऊ द्या. माहेरी न्हाई, तिथं आई हाय, तिचंबी मन ह्यातच हाय. कोल्हापूरला माझी मैत्रीण एकटी ऱ्हाती, तिच्याकडं. दोन म्हैनं. कुणी फोनवर मिरजेचं नाव काढायचं न्हाई. मग मला इचारा."

हणमंतरावांनी टोपी काढली, परत घातली. कुत्रीसाठी त्यांनी हे सगळं केलं होतं, स्वतःच्या खर्चानं, पेढे वाटून. आता सुनेला नाही कोणत्या तोंडानं म्हणणार?

"आन् 'न्हाई' आलं तर?" आत्यांचा आवाज चिरला होता. "आमी काय करायचं मग?"

"ते मला ठाऊक न्हाई, आत्या. न्हाई यील का व्हय यील, तेबी ठाऊक न्हाई. मला पोर नको, असं मी कुठं म्हणते? मला काय पाहिजे तेच मला ऐकू येत न्हाई हितं."

आत्या डोळ्याला पदर लावून आत निघून गेल्या. हणमंतराव म्हणाले, "जा." प्रेमानं म्हणाले नाहीत, रागानंही नाही. दिलेल्या शब्दात माणूस अडकतो तसे म्हणाले.

तिनं पिशवी भरली. विश्वजीत दारात आडवा उभा होता. त्यानं हात स्वच्छ धुतले होते आणि गाडीची किल्ली हातात घेतली होती.

"ती रेघ मला त्या दिवशीच कळली हुती," तो म्हणाला. "मी बोललो न्हाई."

"ठाऊक हाय."

"चल, कोल्हापूरपत्तर मी सोडतो. वाटेत मी कायसुदिक बोलणार न्हाई. शपथ."

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो भला माणूस होता, आणि आत्ताही त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. पोर हवं, बायको हवी, आई रडायला नको. ते बघता बघता तिच्या पोटात नेहमीचं ते 'बघू' वर यायला लागलं.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही जवळ असलात की मला तुमचंच मन कळतं."

तिनं त्याच्या शेजारून वाट काढली आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागली.